कुंपण बंद, रात्री अकरा ते चार

हेल्दुर टोपी हातात धरून आला.
टोपी हातात म्हणजे काहीतरी मागायचं असणार.
म्हणाला, माइमू,
तुझं कुंपण माझ्या पडद्यावर रेघा ओढतं.

माझं कुंपण सेकंदाला एकदा टक् म्हणतं,
गाईंना तेवढं पुरतं.
हेल्दुरला टक् ऐकू येणं शक्यच नाही,
त्याचे कान फेरीबोटीच्या इंजिनाने केव्हाच खाल्ले.
तो ऐकत नाही. बघतो.

मग मीही गेले बघायला.
शाळेने टाकून दिलेला संगणक,
बाजूला कुणा पोराने चिकटवलेला डायनासोर.
हेडफोनच्या भोकातून निघालेली वायर
पत्र्याच्या पेटीत शिरते, पेटीतून खिडकीबाहेर,
आणि बाहेर विर्वेचं कोबी आंबवायचं पिंप,
त्यावर तांब्याच्या तारेचे तीनशे वेढे.
"कोबी आता बादलीत," विर्वे म्हणाली.
एवढंच म्हणाली. कॉफी मात्र ठेवली नाही.

त्याची एक लाट म्हणे
माझ्या फाटकापासून चर्चच्या पायरीपर्यंत लांब.
अशा लाटेला शोभेलशी तार
साऱ्या साआरेमा बेटावर कुणाला टांगता यायची नाही.
हा दोन भूर्जांमध्ये टांगतो, तीही मधे ढिली पडलेली.
पेटीतून शंभर वॉट जातात,
आकाशात पोचतो एखादा काजवा.
"आणि बाकीचे?"
"गांडुळांना ऊब," हेल्दुर म्हणाला,
आणि पहिल्यांदाच हसला.

टिंबाला एक मिनिट. रेघेला तीन.
एका रेघेत अंडं उकडतं,
एका अक्षरात कोंबड्यांचं खाणंपिणं उरकतं,
आख्खं नाव सांगून होईतो
माणूस झोपून उठतो.
इतकं सावकाश बोलणारं
मी आमच्या पाद्र्यालाही पाहिलं नाही.

पडद्यावर काळा धबधबा,
आवाज न करता उजवीकडून डावीकडे सरकणारा.
त्यात माझ्या कुंपणाचे पांढरे ओरखडे,
मोजून सेकंदाला एक.
लाज वाटली. दुसऱ्याच्या भिंतीवर
आपलंच पोर खडूने गिरबटताना सापडावं तशी.

तर ठरलं: अकरा ते चार.
गाईंना सांगितलं नाही.

पुनिकला कळायला तीन रात्री लागल्या.
चौथ्या रात्री ती तारेखालून निघाली,
वेल्लोच्या ओटमध्ये पोटभर उभी राहिली,
तिथून हेल्दुरच्या परसात,
आणि लोखंडी कांबीला बांधलेल्या
जमिनीच्या वायरीवर तिने पाय ठेवला.
वायर सुटली. संगणक आपला बोलतच राहिला.
हेल्दुर मोजे घालून बाहेर धावला,
दवाने भिजलेले मोजे,
हातात बॅटरी, आणि तोंडात शब्द
जे कुठल्याही लहरीवर पाठवायला मनाई आहे.

सकाळी फॅरो बेटांवरून चित्र आलं,
तोरुन नावाच्या एका बाईने पाठवलेलं.
धुळीसारख्या ठिपक्यांत एक फिकट रेघ,
मग टिंब, मग रेघ, मग
काहीच नाही,
मग अर्धी रेघ.
खाली तिने लिहिलं होतं:
नाव वाचलं. दोन वाजून वीस मिनिटांनी काय झालं?

हेल्दुर ते घेऊन माझ्या गोठ्यात आला,
टोपी डोक्यावर.
एवढा समुद्र ओलांडून, म्हणाला,
आणि तिला दिसलं.
मी विचारलं, काय सांगितलंस तरी?
"नाव."
आणि ती काय म्हणाली?
"की आहे."
मी पुढे काही विचारलं नाही,
दूध उतू चाललं होतं.

ते चित्र आता खिळ्याला टांगलंय, पुनिकच्या वर.
ती मोकळी जागा म्हणजे पुनिक, मी सगळ्यांना दाखवते.
वेल्लोला दोन पोती ओट द्यावे लागले.
एक हेल्दुरने दिलं, न मागता.

अकरा वाजता बटण दाबते अजून.
पुनिकला आता आत बांधते.
टक् थांबलं की झोप लागत नाही,
पडून राहते, आणि नको म्हणता म्हणता
एक ते एकशेऐंशी मोजत बसते.
कधी आधीच संपते रेघ,
कधी मी दीडशेलाच झोपते.