जागीच नष्ट

चैत्र उतरणीला लागला होता. धडगावच्या वर
जीप जिथे हात टेकते तिथून पुढे दीड तास पायी.
चौघे आम्ही, एक काठी, एक फुटका टॉर्च
आणि माझ्या खिशात लाखेची कांडी, उन्हानं मऊ झालेली.

नाल्याच्या काठी मडकं, मडक्यावर मडकं,
खाली विस्तव एक डोळा उघडा ठेवून पडलेला.
पळणारे पळाले होते.
एक म्हातारा तेवढा बसून राहिला.
ठोग्या वेस्ता पावरा, वय अंदाजे सत्तर
असं मी लिहिलं. अंदाज माझाच.

मुद्देमाल: मोहाची, पहिल्या धारेची,
दोन कॅन, पस्तीस-पस्तीस लिटर.
नमुन्याची बाटली एक. बूच, दोरा, लाख, शिक्का.
उरलेली जागीच नष्ट करायची, असा नियम.
नियम मला आवडायचा.
शहाद्याच्या स्टँडमागे बाप ज्या वासात मेला
त्याच वासाचा पगार मी एकवीस वर्षं घेत होतो.

कॅन मी लाथेनंच आडवा केला असता.
"साहेब, थांब थोडं," म्हातारा म्हणाला.
वाटलं, आता पाया पडेल, नोट काढेल,
घरात लग्न आहे म्हणेल.
त्यानं फक्त डोक्याचं फडकं सोडलं,
जमिनीवरून तळवा फिरवून खडे, काटक्या बाजूला सारल्या,
पाहुण्याला बसायला जागा करावी तशा.
"आता पाड."

मी पाडू लागलो. तो बोलावू लागला.
"ये दित्या. ये खुमान.
ये रूमली, पोर पोटात घेऊन गेलेली.
ये बोंदर, तुला वाघानं नेलं, अर्धा तर अर्धा ये.
ये तू, ज्याचं नाव ठेवायचं राहिलं."
तापलेल्या मातीतून आवाज येत होता, घोट घेतल्याचा.
ती प्याली की मुरली, हे मला विचारू नका.

नावं संपेनात.
आणि माझ्या लक्षात आलं की माझाच हात
कॅन जरा सरळ धरतोय,
धार बारीक व्हावी, पुरावी,
मागे उभ्या असलेल्यालाही मिळावी म्हणून.
शिपायानं पाहिलं. बोलला नाही.

सत्तर लिटर.
म्हाताऱ्यानं जिभेला थेंब लावला नव्हता
आणि उठताना त्याचे पाय झिंगत होते.
"आम्ही बोटानं शिंपडतो साहेब, चार थेंब.
एवढी मोठी धार आमच्यात कोणी पाडली नाही.
तुझं नाव काय? त्यांना सांगून ठेवतो."

सांगितलं मी नाव. का सांगितलं, माहीत नाही.
पंचनाम्यात लिहिलं: जागीच नष्ट केली.
त्या वाक्याखाली त्यानं अंगठा उमटवला,
वाचता येत नसलेल्या माणसाचा,
आणि हसला मात्र सगळं वाचल्यासारखा.

आता निवृत्त आहे. गुडघे बोलतात.
अखाजीला आमच्यात घागर भरतात, पितरांना पाणी.
घागरीवर डांगर, शेजारी सांजोऱ्या, आमरसाची वाटी.
आई होती तोवर दरसाल म्हणायची,
"तुना बापनं नाव ले रे."
मी पणज्याचं घ्यायचो, आज्याचं घ्यायचो
आणि बापापाशी येऊन खोकायचो.

यंदा तांब्या वाकवताना हात आपोआप मंदावला.
धार बारीक झाली, दोऱ्याएवढी.
म्हटलं, या नाना. बसा.
मोठ्यानं म्हटलं असणार, सून आतून बघायला आली.

नळाचं पाणी, तीन दिवसांआड येणारं.
मोहाचा वास आला असं मी म्हणत नाही.
एवढंच सांगतो, की पंच म्हणून मला उभं केलं
आणि घागरीत काय होतं विचारलं,
तर फक्त पाणी होतं
या वाक्याखाली माझी सही मिळणार नाही.