चार डबे

डब्यांवर चिकटपट्टी, पट्टीवर माझं अक्षर:
एरंड. कोबी. भुईमूग. सोयाबीन.
अंडी एकाच मादीची, एकाच रात्रीची,
दस्तगीरमामांनी बुधगावच्या रानातून
पानासकट आणलेली, रुमालात झाकून.

नवव्या दिवशी वजन.
एरंडावरची करंगळीएवढी, तुकतुकीत,
काट्यावर ठेवायचा अवकाश, आकडा पळतो.
कोबीवरची पाणचट, तिची लेंडीही ओली.
भुईमुगावरची बरी, बोलण्यासारखं काही नाही.
आणि सोयाबीनवरची
तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी,
पान मात्र सगळ्यांत जास्त तिनंच कुरतडलंय,
शिरांची जाळी तेवढी उरली.

खाते पण अंगी लागत नाही,
आमच्या जतेकडं म्हणतात तसं.

कुंभोजकर मॅडम चष्मा पुसत सांगतात,
झाड काय मुकाट मार खातंय होय?
हिनं गिळलेल्या पानातच एक प्रथिन आहे,
ते हिच्या पोटातल्या विकराला
मिठी मारून बसतं, सोडत नाही.

मग बर्फ.
अळी गारठते, वळायची थांबते.
पाठीवरून उघडायची, अलगद,
आतड्याची नळी चिमट्यात येते
भिजलेल्या शेवयीसारखी.
वाटायची, गाळायची, नळीत थेंब टाकायचे,
आणि वाट बघायची पिवळ्याची.

मला वाटलं होतं सोयाबीनची नळी फिकी राहील.
तीच सगळ्यांत आधी हळदली.
अर्धी अळी, दुप्पट विकर.
सगळी कमाई कुलूप उघडण्यात जात होती,
वाढायला उरत नव्हतं काही.

त्या दिवशी डबा उघडा ठेवून मी जेवायला गेले.
विश्रामबागेतली मेस, आमटीत गूळ.
पहिल्या वर्षी हीच आमटी पोटात
दगडासारखी पडायची; पाच किलो उतरले,
आई फोनवर नुसती विचारायची, जेवलीस का,
आणि मी खरंच जेवलेली असायची.
यंदा दिवाळीत घरी हुलग्याचं माडगं प्याले,
रात्रभर पोट धरून बसले.
कधी बदललं आतलं? कुणी चिकटपट्टी लावली नव्हती.

अकराव्या दिवशी मी पानं बदलली.
एरंडावरची सोयाबीनवर दोन दिवस नुसती फिरली,
पानाच्या कडेनं, डब्याच्या कडेनं.
तिसऱ्या दिवशी काळी पडली.
सोयाबीनवरची एरंडावर एक दिवस थांबली,
मग एक भोक. मग दुसरं.

तिचा कोष लहान निघाला, पण निघाला.
पतंग बाहेर आला तेव्हा वीज गेलेली.
मी जाळीत चारी पानं ठेवली, देठ ओल्या कापसात,
वही उघडी ठेवली,
बघू म्हटलं, आता कुठलं आपलं मानते.

सकाळी दस्तगीरमामांनीच दाखवलं.
अंडी घातली होती
जाळीच्या मलमलीवर, एका कोपऱ्यात.
चारी पानांना हातही नाही.

तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.
मी पट्टीनं एक आखला.