वहीचं पान

सुकिनेम मिरचीचा शेंडा वहीवर झटकते.
वही नातीची, रेत्नोची, गणिताची;
मागची चार पानं कोरी होती, ती हिनं बळकावली.
पडतात ते ठिपके आधी धूळ वाटतात.
मग धूळ चालू लागते.

"सात," ती म्हणते.
तिला चष्म्याविना सात दिसतात,
मला चष्म्यासकट नुसतं पान.

आमचं शेत म्हणजे समुद्राने टाकलेली काळी वाळू,
जावाच्या दक्षिण काठावर, लाटांच्या आवाजात.
इथे काही उगवेल असं माझ्या बापाला वाटलं नव्हतं.
उगवलं,
तर त्याचा रस प्यायला हे आले.

पान वर वळलं, होडीसारखं, तर फुलकिडे.
खाली वळलं, उपड्या होडीसारखं, तर कोळी.
चिकट झालं नि मुंग्या चढल्या की मावा.
हे मला चाळीस वर्षांनी हिच्याकडून कळलं;
तोवर मी सगळ्यांना एकच शिवी द्यायचो
आणि एकच बाटली.

त्या बाटलीने एका साली सगळं गप्प केलं होतं.
ढालकिडे गेले, जाळी विणणारे गेले,
वाफ्यात फक्त माझ्या पंपाचा आवाज.
पंधरा दिवसांनी फुलकिडे परतले,
पाहुण्यांसारखे नव्हे, मालकांसारखे.

आता कडुनिंबाच्या बियांचं पाणी, रात्रभर भिजवून,
ऊन उतरल्यावर, पानांच्या पोटाला.
काठ्यांवर निळे चिकट पत्रे;
एकाला रेत्नोची रिबीन चिकटून बसलीय, आठवडा झाला.

वही बारावर गेली की मात्र
तीच म्हणते, "जा, मुजियोच्या दुकानातून आण."
म्हणताना माझ्याकडे बघत नाही.
यंदा दोनदा म्हणाली.

आज लिलावाची रात्र.
भाव चढलाय, तुगिरानने ओरडून सांगितलं,
मोटारसायकल न थांबवता.
मिरची लालभडक, क्रेट धुऊन ठेवलेले.
फवारून चार दिवस झाले. बाटलीवर लिहिलंय सात.

"चार की सात, मिरचीवर कुठे लिहिलेलं असतं," मी म्हणालो.

ती वाफ्यात शिरली. एक तोडली,
बाहीला पुसली,
माझ्यापुढे धरली.
"खा."

समुद्र वाजतोय.
रेत्नो दारातून विचारते, वही कधी देणार,
उद्या गृहपाठ आहे.
मिरची अजून माझ्या हातात.