उलटीकडून

स्किप्टनच्या वाचनालयामागची खोली, गुरुवार.
बेरिलबाई म्हणतात, कापड कागदाखाली धर,
शिव मात्र वरून, रेघेवर.
म्हणजे न बघताच?
हो. आणि टाके बारीक घाल,
नाहीतर कागद नीट फाटायचा नाही.

मी नेलेत ओटीत आलेले ब्लाउजपीस,
अकरा वर्षं घडी न मोडलेले.
मोरपंखी, अबोली, एक खळसुद्धा न गेलेला.
कुणी दिले?
अबोली... कुंदामावशी, की कुमुद?

पहिला तुकडा पलटला, तोकडा.
उसव.
दुसरा पलटला, उलटी बाजू वर.
उसव.
नोव्हेंबरात इथं चारलाच अंधारतं,
मग खिडकी सोडून दिव्यासमोर धरते कागद:
रेघेपलीकडं पाव इंच तरी उरतंय ना?

सातव्या गुरुवारी कागद फाडला.
शिवणीत अडकलेले कपटे
भुवयांच्या चिमट्यानं वेचत बसले.
बदक उजवीकडं जायला हवं होतं,
डावीकडं निघालंय.
आरसा असतो तो, बेरिल म्हणतात, सांगितलं होतं मी.

पंखाला अबोली लागलीय.
कुंदामावशीच.
डावखुऱ्या होत्या.
ओटी भरायला वाकल्या, तेव्हा
सगळ्याजणी ओरडल्या होत्या, तो हात नको.