भागतं

‘मला तहान लागली.’ कर्ता ओळखा.
संखची शाळा, आठवी ब, सहामाहीचा पेपर.
पस्तीस जणांनी लिहिलं : मी.
पस्तीसही चूक.
लागणारी आहे तहान. कर्ता ती.
आपण नुसते तिच्या पुढ्यात,
कपाळाला ‘ला’ प्रत्यय लावून बसलेले.

छत्तिसावा पेपर महानंदा बिराजदारचा.
तिनं लिहिलंय : टँकर.
लगेच खोडवेना. लाल पेन उघडंच राहिलं,
वाळत.

तहान शब्द तसा जुना. तृष्णा होती ती.
येता येता ऋ गळाला,
जोडाक्षर सुटलं, ष चा ह झाला,
धाप लागल्यावर तोंडातून निघतो तसला ह.
लिंग स्त्री. अनेकवचन करता येतं, तहाना,
पण कुणी करत नाही.
गावात उंबरे कितीही असोत,
तहान एकवचनी.

दुसऱ्या बाजूला बघायला गेलं तर
तृप्त आहे. तो आभाराच्या भाषणातला,
हंडा उतरवताना कुणाच्या तोंडून ऐकला नाही.
धाणे आहे, कोशाच्या तळाशी.
एकदाच कानावर आलं :
म्हशीखालून दुंडाप्पा उठला नि म्हणाला, ‘रेडकू धालं.’
भूतकाळ. नपुंसकलिंग.
घरी येऊन माणसांना चालवून बघितलं,
मी धालो, तू धालीस.
बायको म्हणाली, काय धुतलं?

राहता राहिलं भागणे.
तहान भागते.
चालून चालून माणूसही भागतो.
दोन घागरींना सात जणांनी भागतात
आणि बाकी काढत नाहीत.
कुणी विचारलं, एवढ्यात कसं होतं हो तुमचं?
तर बिराजदारांच्या कट्ट्यावरून उत्तर येतं : भागतं.
कर्ता नाही, कर्म नाही,
चारही अर्थ एका घोटात.

दुसऱ्या दिवशी महानंदाला विचारलं, टँकर का गं?
ती अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाली,
‘सर, तो दिसला की लागते. तोवर नसते.’
मग जरा थांबून,
‘आमच्या घरात तहान म्हणत्यात नाहीत, सर.
नीरडिकी.’
कानडीत नीर म्हणजे पाणी.
त्यांच्या तहानेत आधी पाणी येतं
आणि मग बाकीचा शब्द.
मी फळ्यावर लिहून बघितला,
देवनागरीत, शेवटची की दीर्घ.
पुसला नाही तो तास संपेपर्यंत.

गुण अर्धा दिला.
मुख्याध्यापक म्हणाले, अर्धा दिसायला बरा नाही,
पुरा धरा.
मी तसाच ठेवला.

मधल्या सुट्टीत पिंपाशी रांग होती.
महानंदा शेवटून दुसरी.
तोटी तिरकी करूनही धार करंगळीएवढी.
तिनं पेला निम्मा भरला, धरला,
आणि मागच्या बारक्याला विचारलं :
भागंल का रं तुझं?