विशेष काही नाही

कागदावर ती चौदा ओळींची आहे.
एच.एम.एस. कॉरिसँड, क्रूझर, दुसरा वर्ग.
क्लाइड नदीत पाण्याला लागली, मार्च १९०३.
कुणा लॉर्डच्या बायकोने नाळेवर बाटली मारली,
पहिल्या फटक्यात ती फुटलीच नाही.
हे कागदात नाही.

माझा बाप, एनॉक ट्रेगेन्झा, स्टोकर, फॉल्मथचा,
तिच्या पोटात नऊ वर्षं होता.
मी आईच्या पोटात नऊ महिने.
हिशेब केला तर तो तिचाच जास्त.

हाँगकाँग, माल्टा, जमैका:
कागद बंदरं मोजतो,
बाप कोळसा मोजायचा.
"जपानी कोळसा भुरभुरीत, नुसता धूर.
वेल्सचा आला की देव आठवायचा."
बंदर म्हणजे पोती, दातांत कचकच,
आणि वरच्या झडपेतून
रुमालाएवढं आभाळ.

१९१४ ते १६. उत्तर गस्त, शेटलंड ते फॅरो.
विशेष काही नाही.
म्हणजे नॉर्वेची मासळीची गलबतं अडवायची,
पिंपात कोपरापर्यंत हात घालून
हेरिंगखाली तांबं सापडतं का बघायचं.
तेही वरच्यांनी.
खाली युद्ध घंटीतून यायचं.
पूर्ण वेग. थांबा. मागे.
कशापासून मागे, ते कोणी सांगत नसे.

एकदा तोफा वाजल्या, वीस मिनिटं.
गेजांच्या काचा तडकल्या,
पेन्रोझ नावाचा पोरगा
आईला हाका मारत फावडं मारत राहिला.
पाळी संपवून वर आले तर पाणी लाल,
आणि त्यात देवमासा, उताणा,
पिठासारखं पांढरं पोट.
कप्तानाने लिहिलं: पाणबुडी. परिणाम अनिश्चित.
त्या रात्री कोणी जेवलं नाही, असं काही झालं नाही.
जेवले. भूक लागतेच, बाप म्हणायचा.

१९१८, फ्रीटाऊन. ताप.
कागद आकडा देतो: एकोणतीस.
बाप नावं द्यायचा,
पण पेन्रोझपाशी आला की पाइप विझायचा,
मग काडेपेटी शोधत बसायचा
काडेपेटी हातात असताना.

१९२१. भंगारात विकली, ब्लिथ.
पुढे कागद कोरा.

तिसऱ्या वर्गाची तिकिटं काढून
बाप मला घेऊन गेला, दोन दिवसांची वाट.
चिखलात ती कुशीवर कललेली.
नऊ वर्षांत त्याने तिला बाहेरून
धड पाहिलंच नव्हतं.
"केवढी होती गं ही," एवढंच म्हणाला.

कथबर्ट हेडली नावाचा कापणारा
ज्योत घेऊन चौथ्या बॉयलरपाशी पोचला होता.
कुशीचा पत्रा सुटला, खाली पडला,
आणि आतल्या लोखंडी जमिनीवर
अठरा वर्षांत पहिल्यांदा ऊन आलं.
कोळशाची धूळ त्यात तरंगत राहिली,
कसलीच घाई नसल्यासारखी.

बाप काठावरून ओरडला,
"अरे, उजवीकडचं भट्टीचं दार
जरा उचलून ओढ,
अडकतं ते."