उजेड जुळवताना

(लिलाँग्वे, चर्चेच्या आदल्या रात्री)

उमेदवार उद्या येतील.
आज त्यांच्या जागी मी उभा आहे,
कारण तीन नंबरच्याची उंची पाच फूट सात
आणि माझीही तेवढीच.
बाकी साम्य नाही.
त्याच्या अंगात कोट असेल,
माझ्या खांद्यावर केबलचं वेटोळं आहे
आणि खिशात अर्धं खाल्लेलं कणीस.

शिडीवरून मसाउको ओरडतो, "हनुवटी वर!"
मी करतो वर.
कपाळावर झोत येऊन बसतो, माशीसारखा.
"घाम येतोय?"
येतोय.
"उद्या त्यालाही यायला हवा. दोन हजार क्वाचांची पैज आहे माझी."

आठवडाभर शहरात हेच.
काबाझावाला सायकल हाणता हाणता मान वळवून सांगतो,
मला एकच ऐकायचंय,
खताच्या पोत्याचा भाव,
कागदात न बघता.
मावशी म्हणते, भाव राहू दे रे,
पाणी आणून देणाऱ्या पोरीकडे तो बघतो का,
तेवढं नीट बघ, तू जवळ असशील.
शेजारचे बांदामास्तर निवृत्त झाल्यापासून
व्याकरण सोडून कशाचीच अपेक्षा ठेवत नाहीत.
आणि पाववाल्या दुकानातल्या रांगेचं म्हणणं,
निदान येऊ तर देत.

मागच्या वेळी एकजण आलाच नव्हता.
गुडघ्याला बाशिंग बांधून वर्षभर फिरला
आणि ऐन मुहूर्तावर गायब.
त्याचा रिकामा मंच सव्वा तास
उजेडात उभा होता, शांत, एकदाही न अडखळता.
चर्चा त्यानेच जिंकली
असं मानणारे लोक अजून भेटतात मला.

सभागृहात आत्ता चौघंच.
मसाउको शिडीवर.
दाराशी राखणदार, बुटांतून पाय काढून.
रंगभूषेची तियामिके सूत्रधाराच्या खुर्चीत
गोल गोल फिरतेय.
आणि मागच्या रांगांमधून
झाडू घेऊन पुढे पुढे येणाऱ्या माई नाचिसाले.

"आवाज बघू," मसाउको म्हणतो.
एक, दोन, तीन, म्हणतो मी.
"आकडे नको, वाक्य बोल."
तियामिके खुर्ची थांबवते, घसा खाकरते,
पावडरची डबी कागदासारखी समोर धरते:
"महोदय,
पंपावर पेट्रोल कधी येणार?"

राखणदार हसला. मसाउको हसला.
मीही हसणारच होतो.
पण माईक चालू होता,
हात आपोआप मंचाच्या दोन्ही कडांवर गेले होते,
आणि माझ्या तोंडून निघालं,
"शंभर दिवसांत."

कुठून आलं, देव जाणे.
त्या लाकडातच मुरलेलं असावं.
आवाज माझा नव्हता,
भिंतींना लागून परत आला तेव्हा तर
मलाच खरा वाटला.

झाडू थांबला.
माई नाचिसालेंचा मुलगा मिनीबस चालवतो,
म्हणजे चालवायचा,
हल्ली तो पंपावर गाडीतच झोपतो,
रांग पुढे सरकली तर ढकलायला कुणीतरी हवं म्हणून.
हे मला माहीत होतं.
त्यांनी पदराने नाही, मनगटाने कपाळ पुसलं,
माझ्याकडे पाहिलं,
रोज पाहतात तशा नाही,
आणि विचारलं,
"नक्की?"

कुणी हसलं नाही.
झोत डोळ्यांत होता, त्यामुळे
त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता,
नुसती बाह्यरेषा, हातात काठी.
वरून असंच दिसत असणार सगळं.
मी म्हणायला हवं होतं, माई, मी आहे, लिंबानी.
ते त्यांना ठाऊकच होतं.
तरी विचारलं त्यांनी.

थोड्या वेळाने झाडू पुन्हा सुरू झाला.

मंचामागे पाय कुठे ठेवायचे
ते दाखवायला जमिनीवर चिकटपट्टीची फुली असते.
मी ती नखाने सोडवली,
वीतभर पुढे लावली, खुर्च्यांकडे.
"काय हलवलंस?" वरून विचारणा झाली.
काही नाही, म्हटलं,
त्या झोताचं तोंड जरा खाली कर,
पहिल्या रांगेवर.
कोण विचारतंय ते त्याला दिसायला हवं.

मसाउको पुटपुटला, पण त्याने केलं.
मग दिवेच गेले, शहराचे,
आणि जनरेटर सुरू होईपर्यंत
आम्ही सगळे एकाच उंचीचे होतो.